दुधाची सही

"आजच? बरा आजचाच मुहूर्त सापडला तुमच्या साहेबाला!"

नीरदासुंदरीने कागद हातात घेतला नाही. कचेरीचा कारकून तारापद भादुडी दोन्ही प्रती पुढे धरून पायरीवर तसाच उभा राहिला. आत सरस्वतीपुढे पळसाची फुलं, बोरं, आणि घरातले झाडून सगळे बोरू नि दौती मांडलेल्या. दौती धुऊन त्यांत दूध भरलेलं. पूजेच्या दिवशी कोणी अक्षर लिहीत नाही.

"दानपत्र आहे, मा," तारापद म्हणाला. "घर नि नदीकाठची जमीन कॉलेजला दिली, त्यावर तुमची सही. आज कचेरीत पोचली नाही तर विज्ञानाचे वर्ग उघडायची परवानगी रद्द. आणि माझी होडी दुपारची."

"तीन महिने कागद उबवलात नि आज पिल्लू बाहेर काढलंत!"

"मी कोण, मा? माझाही टाक घरी देवीपुढेच आहे. साहेबाला कुठली वसंतपंचमी?"

अविनाश सरखेल पुढे झाला. हा रसायनाचा मास्तर, कॉलेज काढायचं म्हणून सरकारी नोकरी सोडून आलेला. त्याने खिशातून शाईचं पेन काढलं. "एक सही, मा."

"ठेवा ते खिशात. माझ्या निर्मलने असंच एका पूजेला लिहायला घेतलं. एकच पत्र. पावसाळ्याआधी गेला."

"पटकीने गेला तो. तळ्याच्या पाण्याने. ते पाणी मी तुम्हाला भिंगातून दाखवलं होतं."

"दाखवलंत. म्हणून तर घर दिलं." ती जरा थांबली. "डोक्याला पटलंय, मास्तर. हाताला पटत नाही."

मग तिने अंगठा पुढे केला. लेकाच्या नावाच्या कॉलेजला आईचा अंगठा लागू नये, म्हणून साठीच्या त्या बाईने तीन महिने पाटीवर स्वतःचं नाव गिरवलं होतं.

"घे. अंगठा म्हणजे काही लिहिणं नव्हे."

तारापदने मान खाली घातली. "अर्जात तुम्ही सही येते असं कळवलंय, मा. आता अंगठा चालायचा नाही."

घाटावरून नावाड्याची हाक आली.

नीरदासुंदरी उठली. देवीला हात जोडले, बोरू उचलला आणि दुधाच्या दौतीत बुडवला. "आज हीच शाई. देवीचा रागही नको नि तुमचा खोळंबाही नको."

तिने दोन्ही प्रतींवर एकेक अक्षर दाबून काढलं. ओलं होतं तोवर चकाकलं.

तारापदने कागद उन्हाकडे धरला. "कोरा दिसतोय, मा."

"विस्तवावर धरा!" सरखेल घाईने म्हणाला. "दुधाची अक्षरं तापली की तांबूस उठतात. थांबा, आत्ता दाखवतो."

"सरकारी कागद विस्तवावर? माझी भाकरी जाईल, मास्तर." तारापदने एका प्रतीची घडी घातली आणि आवाज उतरवला. "आणि परवानगी नाकारायला वरच्यांना हा कोरा आलेलाच बरा."

तो पायऱ्या उतरून गेला. होडी सुटली.

सरखेलने मागे राहिलेली प्रत धुपाच्या निखाऱ्यांवर धरली. आधी 'नी' आला, मग 'र'. बघता बघता सगळं नाव उठलं, एकही अक्षर चुकलेलं नाही.

"सुरेख आलंय, मा."

तिने डोळे बारीक करून वाचलं. पुन्हा एकदा वाचलं. होडी पैलतीराला लागली होती.

"झाला म्हणायचा तुमच्या कॉलेजचा एवढा एक तास," ती म्हणाली आणि देवीपुढची घंटा तिने त्याच्या हातात दिली. "वाजवा, मास्तर. सुटलं."