स्थानिक प्रतिनिधी

पहिल्या खोलीतली कॉफी थंडगार होती. नदीन प्रूइटने कपाला बोट लावून पाहिलं आणि हात मागे घेतला. टेबलावरचा दिवा चालू होता. खुर्ची जराशी मागे सरकवलेली, तिच्या पाठीवर कोट. माणूस तेवढा नव्हता.

ती पुन्हा बोळात आली. जुन्या बँकेची ही माडी. दोन्ही अंगांना दारं आणि प्रत्येक दारावर कुठल्या ना कुठल्या कंपनीची लखलखीत पितळी पाटी. खिडकीतून समोरचं कोर्ट दिसत होतं.

"जाऊ नकोस," तिचा वकील टीग सकाळीच म्हणाला होता. "तिथे कोणी नसतं. या कोर्टात दावा लावायचा तर या गावात ऑफिस हवं, म्हणून पाट्या ठोकून ठेवल्यात."

"मग माझ्यावर दावा लावला कोणी? पाटीने?"

"त्या कॅलिफोर्नियावाल्या बड्या कंपनीनेच. तू त्यांना सॉफ्टवेअर विकायला नाही म्हणालीस ना? त्यांनी आपलं एक पेटंट ब्लू हेरन नावाच्या या कागदोपत्री कंपनीच्या नावावर केलं आणि तिला तुझ्या अंगावर सोडलं. ब्लू हेरन स्वतः काही बनवतच नाही, म्हणजे उलटा दावा लावायचीही सोय नाही."

"आणि तो माणूस?"

टीग हसला. दाव्यात म्हटलं होतं, की ब्लू हेरनचा एक स्थानिक प्रतिनिधी आहे, याच गावचा रहिवासी, आणि नदीनच्या सॉफ्टवेअरमुळे त्याची रोजीरोटी धोक्यात आली आहे. नाव दिलेलं नव्हतं. "असेल कोणी भाडोत्री," टीग म्हणाला. "सोमवारी तडजोडीवर सही कर आणि मोकळी हो."

मोकळी होणार म्हणजे अगदीच मोकळी. गुरांच्या बाजारात न जाता घरबसल्या बोली लावता यावी म्हणून तिने हे सॉफ्टवेअर वर्षानुवर्षं खपून बनवलं होतं. बोली चढली की पडद्यावरचा आकडा हिरवा होतो. आकडा हिरवा करणं म्हणे त्यांचा शोध! उद्या हे लोक झाडाच्या पानांवरही दावा लावतील. सही केली की सॉफ्टवेअर त्यांचं, आणि तिच्या हाताखालची माणसं घरी. नाही केली तर खटला, आणि खटल्यापुरते पैसे नव्हते. आतापर्यंत वकिलाचं भागलं ते वडिलांमुळे. आई गेल्यावर त्यांनी कुठल्याशा ऑफिसात काम धरलं होतं आणि पगार झाला की निम्म्याहून जास्त तिला पाठवत होते. कोण मागे लागलंय असं त्यांनी विचारलं की ती कॅलिफोर्नियाच्या कंपनीचं नाव सांगे. ब्लू हेरन वगैरे सांगून त्यांच्या डोक्याला आणखी ताप कशाला?

ती याच गावात वाढलेली. तो प्रतिनिधी कोण का असेना, त्याला एकदा डोळ्यांनी बघायचं आणि तोंडावर विचारायचं, मी तुझं काय घोडं मारलंय? एवढ्यासाठी ती ऑस्टिनहून गाडी हाकत आली होती.

दुसऱ्या खोलीतही दिवा, कोट, कप. कॉफी कोमट होती.

तिसऱ्या खोलीत कॅलेंडरचं कालचं पान फाडलेलं. कॉफी चांगलीच गरम.

नदीनच्या अंगावर काटा आला. तिची चाहूल लागताच जणू एकेक जण उठून पुढच्या खोलीत जात होता. "कोणी आहे का?" तिने हाक मारली. छताला पंखा गरगरत होता. दुसरा आवाज नाही.

चौथ्या खोलीत खुर्चीवर कोट नव्हता. निळा बायकी स्वेटर होता. सगळी बटणं निळी, गळ्याजवळचं एकच काळं. ते काळं बटण नदीननेच शिवलं होतं, शाळेत असताना, आईने बटण लावायला शिकवलं तेव्हा. आईला जाऊन तीन वर्षं झाली होती. स्वेटर खुर्चीच्या पाठीला इतका नीट बसवला होता, की आई आत्ताच उठून पलीकडे गेली असावी असं वाटावं. टेबलावरच्या कपातून वाफ निघत होती.

तिला पळून जावंसं वाटलं. रडूही येत होतं. पण पाय पुढेच गेले. शेवटच्या दारावर ब्लू हेरनची पाटी होती. आत खुर्ची करकरली. तिने दारावर टकटक केली.

"या, आत या. साहेब आत्ताच जेवायला गेलेत. बसा, कॉफी घ्या."

घोकून पाठ केलेलं वाक्य होतं. थर्मासमधून कप भरता भरता टेबलामागच्या माणसाने मान वर केली. कडक इस्त्रीचा शर्ट, चर्चला जाताना घालायचा टाय.

"अगं नदीन! पोरी, तू इथे कुठे?" लीलंड प्रूइट हरखून उठले. "हेच बघ माझं ऑफिस. मला सांगितलंय नुसते दिवे लावायला. पण पगार घ्यायचा तर काम नीट नको का करायला? म्हणून घरातलं थोडं सामान आणलं. तुझ्या आईचा स्वेटरसुद्धा. आणि सकाळपासून एकेका टेबलावर कॉफी ठेवत येतो. कोणी बघायला आलं तर वाटलं पाहिजे ना, इथे माणसं काम करतात म्हणून."

त्यांनी रुमालाने खुर्ची पुसली आणि तिच्यापुढे सरकवली.

"बस. आणि कोणाला भेटायला आलीस?"

नदीनने उघड्या दारावरची पाटी पुन्हा एकदा वाचली.

"तुम्हालाच, डॅडी," ती म्हणाली.