खारट तीर्थ

डॉक्टर विद्याधर तुर्कस्तानच्या समुद्रात डायव्हिंग करून लीड्सला परतले आणि दुसऱ्या दिवसापासून शालनताईंच्या बाळकृष्णाचं तीर्थ खारट लागू लागलं.

तीर्थाशिवाय त्या चहासुद्धा घेत नसत. आज तिसऱ्या सकाळी मात्र त्यांचा धीर सुटला.

"अहो, तुमचा तो डायव्हिंगचा मास्क देवाच्या तांब्यात धुता का हो? बाथरूमभर ओले रबरी कपडे टांगलेत, ते पुरे नाही?"

"काहीतरीच!" नव्या डिजिटल कॅमेऱ्यातली कासवं आणि ऑक्टोपस पाहत त्यांचे पती विद्याधर म्हणाले.

शालनताईंनी तांब्या घासला. नळाचं पाणी पेल्यात घेऊन चाखलं, तर गोड. त्याच पाण्यानं देवाला स्नान घातलं. ताम्हनातलं तीर्थ पुन्हा खारट!

"आता तुम्हीच बघा."

विद्याधरांनी तीर्थ घेतलं. "छान गोड आहे की!" त्यांनी पुन्हा हात पुढे केला. मग पुन्हा.

"पुरे! तीर्थ आहे ते, सरबत नव्हे. तहान लागली असेल तर हे प्या." शालनताईंनी वैतागून नळाच्या पाण्याचा पेला पुढे केला.

एक घोट घेऊन विद्याधरांनी तो सिंकमध्ये थुंकला.

"शी! किती खारट!" ते म्हणाले आणि दोन्ही हातांनी ताम्हन उचलून त्यांनी तोंडाला लावलं.