बारा किलो

पाच महिने सफूराचं वजन अठ्ठ्याहत्तरवरच अडलं होतं. भात बंद, रोज पनवेल स्टेशनपर्यंत पायपीट, कपडेसुद्धा ढगळ झालेले. पण काटा ढिम्म.

“हिंमत सोडू नको गं, हलेल,” नवरा कुवेतहून फोनवर म्हणायचा.

आज ती वजनकाट्यावरून उतरली, तरी काटा शून्यावर आला नाही. बारावर थांबला.

तिचं डोकं सणकलं. दोन किलोचा लोखंडी बत्ता उचलून तिने वजनकाट्यावरच्या रिकाम्या हवेत हाणला. घाव कशात तरी रुतला. ती हाणतच राहिली. भिंतीवर रक्त उडालं, तेव्हा कुठे काटा शून्यावर आला.

बत्ता फरशीवर टाकून ती धापा टाकत वर चढली. सहासष्ट!

“या अल्लाह!” ती हसली.

काटा सरकला. अठ्ठ्याहत्तर. मग ऐंशी.

तिने फरशीकडे पाहिलं. बत्ता तिथे नव्हता.