पळसाचा पंजाबराव

"नाक राहू दे. नाक मायनं बराबर सांगतलं," उकंडराव म्हणाले. "कपाळ चुकलं."

शालिग्रामचा हात थांबला. गोठ्यात त्याच्यापुढे एक माणूस आडवा होता. तीनशेसाठ पळसदेठांची हाडं, नारळाचं डोकं, कणकेचं मांस. एवढं भटजींच्या पोथीतलं. बाकी सगळं शालिग्रामचं: जिनिंग कारखान्यातला कापूस, रॉकेलच्या डब्याच्या पत्र्याचा जबडा, बकरीचे केस, वरून मेण.

बारा वर्षं पत्ता नसलेल्या माणसाचा असा पुतळा करून जाळतात. मग तो मेला असं धरतात. शालिग्रामनं वऱ्हाडात गावोगाव असे साठेक पुतळे केले. एकही उरला नाही. उरणार कसा? एकदा एक डोकं त्यानं नागपूरच्या एका प्रदर्शनात नेलं, तर पांढऱ्या कपड्यातले परीक्षक म्हणाले, हे भंगार आत कुणी आणलं? लोकांना मेलेल्याचा चेहरा पाहिजे. करणाऱ्याचं नाव नको.

आता अमडापुरात उकंडरावांच्या धाकट्या भावाचा, पंजाबरावचा, पुतळा चालला होता. बारा वर्षांमागं आपणच त्याला नांदुऱ्याच्या स्टेशनावर मुंबईच्या गाडीत बसवून दिलं, असं उकंडराव सांगत. पुढं ना चिठ्ठी, ना निरोप.

सकाळी पंजाबरावची बायको कोकिळा कणकेची परात घेऊन आली होती. आसपास कुणी नाही पाहून हळूच बोलली.

"शालिग्रामभाऊ, चेहरा बिघडवा. हा माहा लेक नोहे म्हणलं सासूबाईनं, त जाळणं थांबते. थे जिवंत आहेत."

"बाई, हुबेहूब नसला त माह्या हात काय कामाचा?"

"तुमच्या हातासाठी माह्यं कुंकू जाळता काय?"

शालिग्रामनं कणकेची परात पुढं ओढली. हट्ट मात्र सुटला नाही. तेवढ्यात उकंडराव आले, तशी ती पदर ओढून निघून गेली. भासऱ्यासमोर, नवऱ्याच्या थोरल्या भावासमोर, बाईनं बोलायचं नाही. लग्नापासून ती त्यांच्याशी एक शब्द बोलली नव्हती.

"मंग कपाळ कसं पाह्यजे, उकंडरावजी?"

उकंडराव उकिडवे बसले. "डाव्या भुवईवर खोक. इतकी." बोटाचं पेर दाखवलं. "खोल. ओठ जरा उघडे. आन् हा डोळा पुरा मिटत नाही." त्यांचा आवाज फाटला. "हुबेहूब कर बे. नाही त तो सुटत नाही."

शालिग्रामला भरून आलं. बाकीचे सांगतात, सावळा होता, नाक लांब. बारा वर्षांनी भावाचं कपाळ पेरानं मोजून कोण सांगतं? त्यानं जीव ओतून खोक कोरली.

दुपारी पुतळा अंगणात आला. पंजाबरावच्या म्हाताऱ्या आईला, मनकर्णाबाईंना, दिसत नव्हतं. त्यांनी नाक चाचपलं आणि "पंजाबा, माह्या बापा!" म्हणून हंबरडा फोडला. लोक वाहवा करू लागले. शालिग्रामची छाती फुगली.

"कपाळाचं श्रेय उकंडरावजीले," तो म्हणाला. "खोक त्यायनंच सांगतली."

कोकिळा बायकांतून पुढं आली. वाकली. खोकेवर बोट ठेवलं. कुणी सांगायच्या आत तिनं स्वतःच्या हातानं कुंकू पुसलं, तोंडावरचा पदर मागं टाकला आणि भासऱ्याकडं सरळ पाहिलं.

"घरून निंघाले तवा कपाळ साफ होतं, दादाजी," ती म्हणाली. "ही खोक तुम्ही कवा पाह्यली?"