सबचा फेडर

“दादा, सब कमी करा ना! छातीत धडधडतंय,” गायिकेने स्टेजवरून पुन्हा हाक दिली.

साउंडवाल्याने कपाळावर हात मारला. सबवूफरसाठी, म्हणजे खर्जाच्या मोठ्या स्पीकरसाठी, त्याने मिक्सरवर वेगळा फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायची सरकती खुंटी, ठेवला होता. त्यात फक्त ड्रम आणि बेसगिटार जायची, आणि बेसवाल्याचा अजून पत्ताच नव्हता. फेडर त्याने केव्हाच पार तळाला नेला होता. तरी रिकाम्या हॉलमध्ये ते धप्प, धप्प चालूच.

“अरे ड्रमवाल्या, पेडलवरचा पाय आवर की जरा!” तो स्टेजकडे ओरडला.

“मी इथेच आहे, दादा,” ड्रमवाला शेजारून म्हणाला. “कुठून येतोय हो हा?”

“खर्जातला आवाज कुठून येतो ते कानाला कळत नसतं! किती वेळा सांगू?” तो खेकसला. मग तणतणत स्टेजपाशी गेला आणि त्याने सबच्या सगळ्या वायरी उपटून काढल्या.

धप्प.

“आता काय डोंबल वाजतंय?” तो ओरडला आणि गर्रकन वळायला गेला.

वळला मात्र नाही. आवाज कुठून येतोय ते जन्मात पहिल्यांदाच त्याच्या कानाला नेमकं कळलं होतं. अगदी पाठीमागून, त्याच्या मानेच्या उंचीवरून.