उलटा भोवरा

मुखपृष्ठावरचं चित्र जरा सुबक दिसावं, एवढीच तिची हौस होती. प्रबंध लिहून झाला होता, तोंडी परीक्षा पुढच्या आठवड्यात होती. पुलाच्या खांबामागे अगदी तळाशी पाण्याचा एक उलटा भोवरा फिरत असतो आणि तो खांबाला पोखरत जातो, हे तिचं संशोधन. भोवरा डोळ्यांनी कुणीच पाहिलेला नव्हता, तो गणितातून निघाला होता. संगणक पाण्यावर जाळी टाकतो आणि एकेका घराचा हिशेब मांडतो. विभागातल्या जुन्या मशीनला जाड जाळीच झेपायची, म्हणून चित्रात भोवऱ्याच्या कडा करवतीसारख्या दिसत.

नवं मशीन आलं तसं तिने जाळीचं घर निम्मं केलं. भोवरा निम्मा झाला.

आपल्याच हातून आकडा चुकला असेल, म्हणून तिने सगळं पुन्हा तपासलं. मग जाळी आणखी बारीक केली. भोवरा पाव उरला. त्यानंतर आणखी बारीक केली, तेव्हा पडद्यावर नुसतं देखणं पाणी वाहत होतं. पाण्यात भोवरा कधी नव्हताच. तो जाळीच्या जाडेपणातून उपजला होता, आणि ती चार वर्षं त्याचंच कौतुक करत बसली होती.

"काय गं, भूत पाहिल्यासारखा चेहरा?" शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीने विचारलं.

"काही नाही," ती म्हणाली. खरं तेच होतं.

तेवढ्यात आईचा फोन आला. "बाबांनी रजा टाकली बघ. तुझी परीक्षा ऐकायला येणारच म्हणतात. कळायचं काही नाही, पण बसणार पहिल्या रांगेत."

"या ना," ती म्हणाली आणि फोन ठेवून दिला. दुसरं काही बोलली असती तर रडूच फुटलं असतं.

सगळी चित्रं छापून घेऊन ती तिच्या मार्गदर्शक सरांच्या खोलीत गेली. सरांनी ती एकामागून एक पाहिली. ते चिडले नाहीत. उठले, दार लावून घेतलं आणि परत खुर्चीत येऊन बसले.

"जाळी बारीक करायला कुणी सांगितलं होतं तुला?"

"कुणी नाही, सर. मीच..."

"झाकली मूठ सव्वा लाखाची असते, बाळ."

"पण सर, मूठ रिकामी आहे."

सर चष्मा पुसत राहिले. भिंतीवर त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांचे पदवीदानाचे फोटो ओळीने लावलेले होते. सगळे याच भोवऱ्यावर डॉक्टर झालेले, सगळे हसरे.

तिला एकदम सरांचीच दया आली. बिचाऱ्यांचं आयुष्य यात गेलं, आणि त्यांना हे माझ्याकडून कळावं! ती हळू आवाजात म्हणाली, "जुन्या मशीनवर कुणाला कळणार होतं, सर? तुम्हाला जाळी कधी बारीक करून पाहता आलीच नसेल."

सरांनी चष्मा डोळ्यांवर चढवला.

"पाहिली होती," ते म्हणाले. "दुसरीकडच्या मोठ्या मशीनवर, तुझ्याएवढा होतो तेव्हा."