काजळी

“लाल औषध कशाला लावलंस? लाल दिसलं की बाकीच्या आणखी टोचतील!” सासूबाई माझ्यावर कडाडल्या.

बाकीच्या कोंबड्यांनी टोचून सोललेल्या कोंबडीच्या कुशीवर त्यांनी हळद-तेल लावलं, वर तव्याची काजळी फासली. मी नुसतं बोट टेकवलं तरी ती किंचाळायची. तिला आम्ही वेगळं, रुंद विणीच्या पालथ्या डालग्याखाली ठेवलं. तिला टोचण्यात सगळ्यांत पुढे होती तांबडी, पिल्लांची आई.

दुपारी मुंगसाने तांबडीलाच ओढून नेलं. पिल्लं कुठेच सापडेनात.

संध्याकाळी पाणी ठेवायला मी डालगं उचललं. जखमी कोंबडी पंख पसरून बसली होती, जराही हलली नाही. त्याच सोललेल्या कुशीतून तांबडीची पिल्लं एकेक करून बाहेर आली, काजळीनं काळी झालेली.

गाभाऱ्यासमोर घेतात तसा सासूबाईंनी डोक्यावर पदर घेतला.